बनारसीदासांची खतावणी

व्यापारी घराण्यात पुस्तकात रमणाऱ्या मुलाविषयी एक जुनी धास्ती असते. परीक्षेपुरते वाचन चालते, हिशेबापुरते लेखन चालते. पण गादीवर बसलेला मुलगा गिऱ्हाइकाकडे न पाहता पानामागून पान उलटू लागला की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ही धास्ती निदान चारशे वर्षांची आहे आणि तिचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. जौनपूरच्या एका श्रीमाळ जैन जवाहिऱ्याच्या मुलाला घरातल्या मोठ्यांनी बजावले होते की, पुष्कळ शिकणे हा ब्राह्मणांचा आणि भाटांचा उद्योग. वाण्याच्या मुलाने बाजारात बसावे, फार शिकेल तो भीक मागेल. मुलाने ऐकले नाही. पुढे पंचावन्नाव्या वर्षी त्याने हा उपदेश स्वतःच्या चरित्रात प्रामाणिकपणे नोंदवला आणि आपण खरोखरच भिकेच्या किती जवळ जाऊन आलो, तेही लपवले नाही.

हा मुलगा म्हणजे कविवर बनारसीदास आणि ते चरित्र म्हणजे ‘अर्धकथानक’. दोहा-चौपाईत मिळून ६७५ पद्ये, मध्यदेशाची साधी बोली, आणि लेखनसमाप्ती संवत १६९८ च्या मार्गशीर्षात, म्हणजे इसवी सन १६४१ मध्ये, आग्र्यास. तेव्हा दिल्ली-आग्र्याच्या तख्तावर शाहजहान होता. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरले तर पंचावन्न वर्षे म्हणजे अर्धे, म्हणून कथाही अर्धी, असा नावाचा सरळ हिशेब. शीर्षकातच भागाकार करणारा कवी व्यापाऱ्याच्या घरचा असावा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

भारतीय भाषांतील आरंभीच्या आत्मचरित्रांत या ग्रंथाचे नाव आदराने घेतले जाते. अभ्यासक त्यातून मुघलकालीन बाजारपेठ, प्रवास, कर आणि साथीचे रोग यांची माहिती काढतात. ते योग्यच आहे. आग्र्यात गाठीचा रोग आला, उंदीर पटापट मरू लागले आणि माणसे अन्नाला हात लावण्यास भिऊ लागली, याचे त्यांनी केलेले वर्णन आजही अंगावर येते. पण व्यापारी कुटुंबांनी हा ग्रंथ आणखी एका कारणासाठी वाचावा. बनारसीदासांनी आपल्या वाचनाचा आणि लेखनाचा हिशेब धंद्याच्याच वहीत मांडला आहे. पुस्तकांनी काय दिले ते जमा बाजूला आहे. पुस्तकांपायी काय गेले ते नावे बाजूला आहे. दोन्ही बाजू इतक्या निःसंकोचपणे लिहिणारा ग्रंथप्रेमी विरळा.

जन्म संवत १६४३ चा, म्हणजे इसवी सन १५८६-८७ चा. पाळण्यातले नाव विक्रमाजीत. वडील खरगसेन त्यांना घेऊन काशीला भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनास गेले, तेव्हा तेथील पुजाऱ्याने ध्यान लावल्याचा आव आणून सांगितले की, मुलाला प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव दिले तर तो दीर्घायुषी होईल. वडिलांनी ते मानले आणि विक्रमाजीताचा बनारसीदास झाला. चरित्रकार मात्र पुजाऱ्याच्या त्या ध्यानाला सोंगच म्हणतो. ज्या नावाने आपण ओळखले जातो त्याचीही भीड ठेवायची नाही, हा या ग्रंथाचा स्वभाव येथूनच कळतो.

आठव्या वर्षी अक्षरओळख झाली आणि चौदाव्या वर्षी पंडित देवदत्तांकडे शब्दकोश, ज्योतिष, अलंकार यांचा अभ्यास सुरू झाला. त्याच सुमारास दुसराही अभ्यास सुरू झाला. मुलगा प्रेमात पडला, वडिलांची माणके चोरून त्यांतून पान-मिठाई धाडू लागला आणि शृंगाराचे वर्णन करणारा हजारएक पद्यांचा ‘नवरस’ नावाचा ग्रंथ त्याने रचला. वडीलधाऱ्यांची आठी या काळातली आहे. निष्पक्षपणे पाहिले तर तिला आधार होता.

पुढे एके दिवशी जौनपूरच्या गोमती नदीवरील पुलावर मित्रांसह बसून तेच हस्तलिखित वाचत असता तरुण कवीच्या मनात विचार आला की, एक असत्य बोलणाराही दुर्गतीला जातो. येथे तर आपण पोथीभर असत्य रचले आहे. त्यांनी पोथी नदीत टाकली. मित्र हाय हाय करीत राहिले. सुटी पाने प्रवाहावर विखुरली आणि कुणाच्या हाती लागली नाहीत. महाराष्ट्रातील वाचकाला या ठिकाणी इंद्रायणी आठवल्याशिवाय राहत नाही. तुकोबाही वाणीच, काळही तोच. त्यांच्या वह्या बुडवल्याची आणि स्वतः त्यांनीच कर्जखते डोहात सोडल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दोघांत फरक मोठा आहे. तुकोबांच्या वह्या परत आल्याचे परंपरा सांगते. बनारसीदासांच्या आल्या नाहीत आणि त्या याव्यात अशी त्यांची इच्छाही नव्हती. एका माणसाने स्वतःच्या लेखनातील एक संपूर्ण रक्कम बुडीत खाती टाकली, इतकेच ते सांगतात.

आता धंदा. संवत १६६७ मध्ये, म्हणजे १६१० साली, चोवीस वर्षांच्या मुलाला खरगसेनांनी स्वतंत्र व्यापाराला पाठवायचे ठरवले. जवाहीर, वीस मण तूप, तेलाच्या बुधल्या आणि जौनपुरी कापड असा माल देऊन त्याची यादी हाती दिली आणि गाड्या आग्र्याकडे रवाना झाल्या. वाटेत इटाव्याजवळ पावसाने गाठले. सराईत जागा नाही, कुणी दारात उभे करीना. शेवटी चौकीदारांच्या झोपडीत आसरा मिळाला, तर तेथे एक दांडगा इसम आला. त्याने आपली खाट मांडली आणि या मंडळींना खाटेखाली गोणपाटावर झोपायला लावले. पुढच्या वैभवाची स्वप्ने पाहणारा जवाहिरा खाटेखाली! चारशे वर्षांनंतरही हे वाचताना हसू येते, कारण सांगणाराच आधी हसतो.

आग्र्यात जे घडले ते कोणत्याही बँकेच्या कर्ज विभागात नमुना म्हणून वाचण्यासारखे आहे. कापडात तोटा आला. जवाहीर तर मुद्दलासकट गेले. इजारीच्या नाडीला बांधलेली रत्ने कुठे पडली ते कळले नाही. वस्त्रात बांधून ठेवलेली माणके उंदराने पळवली. जडावाच्या पोहोच्या एका गिऱ्हाइकाला उधार विकल्या आणि लगेच त्याचे दिवाळे वाजले. तारणाचा विमा नाही, उधारीची चौकशी नाही, माल ठेवण्याची रीत नाही. अशा अर्जदाराला शिक्का मारून परत पाठवायला कुणालाही विचार करावा लागला नसता. वर या साऱ्याचा दोष त्यांनी मुघल अंमलदारांवर किंवा भागीदारावर ढकललेला नाही. अंमलदारांचा जुलूम त्यांनी पाहिला होता; लहानपणी जौनपूरच्या नवाब किलीच खानाने शहरातील सगळे जवाहिरे पकडून त्यांना फटके मारल्याची हकिगत याच ग्रंथात आहे. पण उंदराने नेलेली माणके ही आपल्याच निष्काळजीपणाची नोंद आहे, हा फरक त्यांना कळतो.

हळूहळू घरातले सगळे विकून खाणे झाले. बाजारात जाण्याचे कारण उरले नाही. तेव्हा बनारसीदास घरी बसून संध्याकाळी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या दोन प्रेमकथा मोठ्याने वाचू लागले. दोन्ही सूफी कवींच्या रचना. जैन श्रावकाच्या घरी त्यांचे वाचन होत असे, ही त्या काळच्या आग्र्याची मोकळीकही लक्षात घेण्यासारखी आहे. दहा-वीस माणसे रोज ऐकायला जमत. श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज शेरभर कचोऱ्या उधारीने आणून खात. काही दिवस गेल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी कचोरीवाल्याला एकांतात गाठून सांगितले की, माझ्याजवळ काही नाही, पुढे उधार देऊ नकोस. त्यावर त्याने उत्तर दिले की, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, कुणी काही बोलणार नाही.

या प्रसंगावर थोडे थांबले पाहिजे. मराठीत ‘पत’ हा शब्द बाजारातही चालतो आणि समाजातही चालतो. जवाहिऱ्याच्या मुलाची बाजारातली पत तेव्हा शून्य होती. आग्र्यातील एकही सराफ त्याला चार रुपये देण्याच्या स्थितीत नव्हता. अशा वेळी ज्याची रोजची विक्री पैशा-दमडीत मोजली जाते अशा माणसाने त्याला वीस रुपयांची मर्यादा मंजूर केली. तारण कोणते होते? रोज संध्याकाळी ऐकलेली कथा; आणि आपली परिस्थिती आपण होऊन सांगण्याचे धैर्य. कर्जदाराने स्वतः येऊन अडचण सांगितली की त्याची पत घटत नाही, उलट वाढते, हे बँकेत आयुष्य काढलेली माणसे जाणतात; पण पेढीवर बसणाऱ्या फार थोड्यांना ते वेळेवर सुचते. सहा-सात महिने असे गेले. पुढे एका सासरच्या नातलगाने बनारसीदासांना आपल्या घरी नेले, धंद्याची घडी थोडी बसली, तेव्हा कचोरीवाल्याचा हिशेब झाला. चौदा रुपये निघाले. ते तीन हप्त्यांत फेडले. मर्यादेतले सहा रुपये शिल्लकच राहिले होते!

वडीलधाऱ्यांची भविष्यवाणी अशी अर्धी खरी ठरली. वाचणारा मुलगा कंगाल झाला, पण कंगाल झाल्यावर त्याला जेवू घातले ते वाचनानेच.

यानंतरच्या एका भागीदारीत दोन वर्षे खपून हिशेब मिटवला, तर नफा आणि खाण्यापिण्याचा खर्च समसमान. रिकाम्या हाताने ते खैराबादला सासुरवाडीला गेले. पत्नीने विचारले तेव्हा आधी थोडी सारवासारव केली, मग खरे सांगितले. तिने स्वतःजवळ जपून ठेवलेले वीस रुपये आणून दिले आणि आपल्या आईला विश्वासात घेतले. आईने गुपचूप दोनशे रुपये दिले. पंधराव्या वर्षी अंगभर फोड येऊन आप्तांनी पाठ फिरवली होती, तेव्हाही सेवा केली ती याच दोघींनी. या पत्नीचे नाव ग्रंथात मिळत नाही. आपल्या पेढ्यांच्या इतिहासातही पहिले भांडवल कुठल्या डब्यातून आले याची नोंद क्वचितच सापडते. बनारसीदासांनी निदान रक्कम तरी लिहून ठेवली.

पुस्तकांनी एकदा त्यांचा जीवही वाचवला. प्रवासात वाट चुकून ते सोबत्यांसह जंगलातील एका गावात शिरले. गाव चोरांचे निघाले. बनारसीदासांनी समयसूचकतेने एक संस्कृत आशीर्वादाचा श्लोक म्हटला. चोरांच्या म्होरक्याने त्यांना ब्राह्मण समजून नमस्कार केला आणि रात्रीपुरता आसरा दिला. मग रात्री या वाण्यांनी कपड्यातील सूत काढून जानवी वळली, मातीचे टिळे लावले आणि सकाळी आशीर्वाद देत देत तेथून निघाले. शिक्षण हा ब्राह्मणांचा उद्योग म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते असणार? अर्थात ते सोंग होते, आणि सोंग म्हणूनच ते सांगितले आहे.

सबलसिंह नावाच्या बड्या धनिकाशी झालेला हिशेबही प्रत्येक व्यापाऱ्याने वाचावा. भागीदारीचा लेखा चुकता करायचा म्हणून बनारसीदास हवेलीवर रोज खेटे घालतात. तेथे गाणे चालू, पखवाज चालू, भाट स्तुती करताहेत. साहूंना सवड नाही. उद्या या, परवा या. संगीत आणि काव्य हे ज्यांचे जीवन, त्यांनाच त्या मैफलीत कागद घेऊन ताटकळत उभे राहावे लागले! अखेरीस ओळखीच्या एका गृहस्थांच्या मध्यस्थीने लेखा मिटला. कलेची आवड चांगली. पण दुसऱ्याचे येणे थकवून केलेल्या मैफलीचा सूर दारात उभ्या असलेल्या माणसाला कसा ऐकू येतो, ते येथे कळते.

ग्रंथाचा शेवटचा भाग सर्वांत गंभीर आहे आणि तो एका पुस्तकाविषयीच आहे. संवत १६८० मध्ये खैराबादेत त्यांना आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसार’वरील राजमल्लांची भाषाटीका मिळाली. निश्चय नयाने आत्मा शुद्ध, बुद्ध, अकर्ता आहे, हे वाचून ते भारावले आणि घसरलेही. आत्मा शुद्धच आहे तर सामायिक, प्रतिक्रमण, पूजा यांचे काय प्रयोजन, असा अर्थ त्यांनी घेतला. क्रिया सोडल्या. इतकेच नव्हे, तर चार मित्र बंद खोलीत वस्त्रे उतरवून आपण मुनी झाल्याचा खेळ करीत. लोक निंदा करू लागले. ही स्थिती एक-दोन महिने नव्हे, सुमारे बारा वर्षे टिकली. संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले आणि त्यांनी ‘गोम्मटसारा’चे विवेचन केले. गुणस्थानांची पायरी जशी, तशी त्या पायरीची क्रिया. ज्ञान आणि आचार यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, हे तेव्हा उमगले.

मराठी व्यापाऱ्याच्या कानाला येथे एक शब्द लागतो. जैन तत्त्वज्ञानात निश्चयाच्या जोडीला जो नय येतो त्याचे नाव व्यवहार. आणि आपण रोजच्या देण्याघेण्यालाही व्यवहारच म्हणतो. अंतिम सत्य कळले म्हणून आजची देणी रद्द होत नाहीत. कचोरीवाल्याचे चौदा रुपये मोजून देणारा माणूस ग्रंथ वाचताना मात्र व्यवहार विसरला होता, हा त्यांच्या आयुष्यातला खरा विरोध आहे. उत्तम पुस्तकही एकट्याने, घाईने आणि आपल्या सोयीचा अर्थ लावून वाचले तर बारा वर्षे घेऊ शकते. दोष पुस्तकाचा नव्हता. जाणत्या माणसाशी संवाद झाला तेव्हा तेच पुस्तक फळले: पुढच्याच वर्षी, संवत १६९३ मध्ये, ७२७ पद्यांचा ‘समयसार नाटक’ हा ग्रंथ पूर्ण झाला. उत्तर भारतातील जैन मंदिरांतून आणि घरांतून तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. गोमतीत गेलेल्या हजार पद्यांच्या जागी ही रक्कम जमा झाली.

घरच्या आघाडीवर मात्र जमा काहीच नव्हते. तीन विवाह झाले. दोन मुली आणि सात मुलगे अशी नऊ अपत्ये झाली आणि नवांपैकी एकही वाचले नाही. पहिल्या पत्नीच्या आणि तिच्या नवजात बाळाच्या मृत्यूची बातमी ज्या पत्राने आली, त्याच पत्रातून तिच्या धाकट्या बहिणीचे स्थळही आले. शेवटचा मुलगा गेल्यावर ते दीर्घ काळ शोकात बुडाले होते, आणि ज्याने आत्म्याच्या शुद्धतेवर ग्रंथ लिहिला त्याने हेही लिहिले. मोहाचे सामर्थ्य किती, हे स्वतःचेच उदाहरण देऊन सांगितले.

अगदी अखेरीस, वर्षअखेर ताळेबंद काढावा तसे, त्यांनी आपले गुण आणि दोष ओळीने मांडले आहेत. गुणांत भाषेतील कवित्व, संस्कृत-प्राकृताची जाण, संतोष, क्षमा. दोष अधिक रंगतदार आहेत: नफा झाला की हर्ष होतो, तोटा झाला की विषाद होतो. गप्पा रंगल्या की न घडलेलेही सांगून टाकतो. अकारण भीती वाटते. आणि एकटे असताना कधी कधी नाचतो. आपल्या प्रतिक्रमणात, आलोचनेत दोषांचा उच्चार करण्याची परंपरा आहे. परंतु तेथे शब्द ठरलेले असतात. बनारसीदासांनी ठरलेल्या शब्दांऐवजी स्वतःचे शब्द घातले. स्वतःला ते उत्तम पुरुषांत गणत नाहीत, अधमांतही नाही, मध्यम म्हणतात.

हा ग्रंथ दीर्घ काळ हस्तलिखितांतच होता. तो संपादित होऊन छापला गेला, त्याला मुंबईचा मोठा हातभार आहे. पंडित नाथूराम प्रेमी यांनी मुंबईतील आपल्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयातर्फे १९४३ मध्ये त्याची आवृत्ती काढली. जयपूरहून १९८१ मध्ये मुकुंद लाठ यांचे सटीप इंग्रजी भाषांतर आले. २००९ मध्ये रोहिणी चौधरी यांचेही आले. परदेशी शिकणाऱ्या नातवंडांना ती सोयीची आहेत. हिंदी वाचणाऱ्यांनी मूळच घ्यावे. जुनी बोली पहिली वीस-पंचवीस पद्ये अडते, नंतर वाट मोकळी होते. सुरुवात घराण्याच्या हकिगतीपासून न करता आग्र्याच्या गाड्या निघतात तेथून केली तरी चालेल. घरात चार माणसे जमली असता कचोरीवाल्याचा भाग मोठ्याने वाचावा. त्याची मांडणीच मुळी श्रोत्यांसाठी आहे. वडीलधाऱ्यांच्या उपदेशाचा भाग कुणी वाचावा, आजोबांनी की नातवाने, एवढे ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावे.